टर्मिनलवरून फाइल शोधून लगेच उघडायची असेल, तर आधी यादी आटोपशीर करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. उबंटूचा लॅपटॉप, होम फोल्डरमध्ये दीड-दोन लाख फाइली. त्यात कोड आहे, पीडीएफ आहेत, स्कॅन केलेले कागद आहेत. काही नावं इंग्रजीत, काही मराठीत. शिवाय बाहेरची एक हार्ड डिस्क. फाइल हवी असली की ‘फाइंड’ ही शोधायची कमांड मुळापासून, म्हणजे ‘/’ या सगळ्यात वरच्या फोल्डरापासून, चालवायची, ‘परमिशन डिनाइड’च्या ओळी वाहू द्यायच्या, सापडलेला पाथ (फाइलचा पूर्ण पत्ता) माउसने कॉपी करायचा आणि मग ती फाइल उघडायची. यापेक्षा वेगवान टूल कोणतं?

वेगवान टूल आहेत, त्यांची नावं पुढे येतीलच. पण नुसतं टूल बदलून तुमचा त्रास अर्धाच कमी होईल. ‘फाइल उघडणं’ या एका कामात तीन कामं आहेत: फाइलींची यादी काढणं, त्या यादीतून नेमकी एक निवडणं आणि निवडलेली योग्य प्रोग्रॅममध्ये उघडणं. फाइंड फक्त पहिलं काम करतं, उरलेली दोन तुम्ही माउसने करताय. आणि पहिल्या कामातही यादी नको तितकी मोठी होतेय, कारण मुळापासून सुरुवात केली की फाइंड ‘प्रॉक’ आणि ‘सिस’सारख्या, डिस्कवर नसलेल्या, कर्नलने उभ्या केलेल्या झाडांतही शिरतं. ‘परमिशन डिनाइड’च्या बऱ्याच ओळी तिथूनच येतात.

एक सूचना आधीच: खालच्या कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे दोन्ही रोमन घ्या.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. नाव किंवा नावाचा तुकडा आठवत असेल तर पुढचं सगळं लागू आहे. नाव आठवत नाही, फक्त आतला मजकूर आठवतो, तर तो वेगळा प्रश्न आहे. साध्या मजकुराच्या फाइलींसाठी ‘रिपग्रेप’ हे आतला मजकूर शोधणारं टूल वापरा. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं, केल्याशिवाय काहीच सापडणार नाही. फाइल आजच बनली आहे की जुनी आहे आणि ती लॅपटॉपच्या डिस्कवर आहे की नेटवर्कवरच्या, यानेही उत्तर बदलतं.

यादी काढायच्या दोन पद्धती आहेत. पहिली, आधीच एक डेटाबेस करून ठेवायचा आणि शोध त्यातच घ्यायचा. ही युक्ती जुनी आहे, जेम्स वूड्स यांनी ती १९८३ साली मांडली आणि ‘लोकेट’ हे टूल त्यातूनच आलं. उबंटूवर आज ‘पीलोकेट’ हे पॅकेज टाका. त्याचं उत्तर क्षणात येतं, कारण ते डिस्कवर फोल्डर धुंडाळत बसत नाही. पण डेटाबेस साधारण दिवसातून एकदा ताजा होतो, म्हणून सकाळी डाउनलोड केलेली फाइल दुपारी त्यात नसेल. ‘सूडो अपडेटडीबी’ चालवलं की येईल. दुसरी अडचण लोकांना फार छळते: ‘एटसी’ फोल्डरातल्या ‘अपडेटडीबी डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये ‘प्रूनपाथ्स’ नावाची ओळ असते आणि तिच्यात ‘टीएमपी’ आणि ‘मीडिया’ हे फोल्डर वगळलेले असतात. तुमची बाहेरची डिस्क ‘मीडिया’खालीच जोडली जाते. म्हणजे डिस्क समोर जोडलेली असूनही पीलोकेटला ती दिसत नाही. डिस्कवर बीटीआरएफएस ही फाइलसिस्टिम वापरणाऱ्यांनी त्याच फाइलमधली ‘प्रून_बाइंड_माउंट्स’ ही ओळही तपासावी. होम फोल्डर वेगळ्या सबव्हॉल्यूमवर (त्या फाइलसिस्टिममधल्या वेगळ्या विभागात) असेल, तर ‘येस’ ठेवल्याने अख्खा होम फोल्डर गळू शकतो. तिथे ‘नो’ करा.

पीलोकेटची आणखी एक खोड: दोन शब्द दिले तर दोन्ही असलेल्या फाइलीच दाखवतो. जुन्या एमलोकेटमध्ये दोहोंपैकी एक असला तरी चालायचं. जुनी सवय असेल तर ‘काहीच सापडत नाही’ असं वाटू शकतं.

दुसरी पद्धत म्हणजे दर वेळी डिस्क प्रत्यक्ष फिरून यादी काढायची, पण शहाणपणाने. यासाठी मी ‘एफडी’ सुचवतो. ते रस्टमध्ये लिहिलेलं आहे, एकाच वेळी अनेक थ्रेडवर काम करतं, आणि मुख्य म्हणजे टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली आणि ‘गिटइग्नोर’मध्ये (कोड सांभाळणाऱ्या ‘गिट’ने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) लिहिलेल्या फाइली आपणहून वगळतं. दोन लाखांतल्या किती फाइली ब्राउझरच्या कॅशेतल्या, ‘नोड_मॉड्यूल्स’मधल्या किंवा पायथनच्या व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंटमधल्या आहेत ते एकदा मोजून बघा:

फाइंड ~ -टाइप एफ | डब्ल्यूसी -एल
एफडी --टाइप एफ . ~ | डब्ल्यूसी -एल

या दोन आकड्यांतला फरक म्हणजे बहुतांशी तुम्हाला कधीच उघडायच्या नसलेल्या फाइली. तुमच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. टूल दुप्पट वेगवान झालं तर सेकंद वाचतात. यादी दहापट लहान झाली तर निवडणं सोपं होतं, आणि वेळ तर निवडण्यातच जातो.

एफडी उबंटूवर टाकताना पॅकेजचं नाव ‘एफडी-फाइंड’ आहे आणि कमांड होते ‘एफडीफाइंड’, कारण ‘एफडी’ हे नाव आधीच दुसऱ्या पॅकेजने घेतलेलं होतं. इथे बरेच जण डॉट-बॅशआरसीमध्ये (टर्मिनलमधला शेल सुरू होताना वाचतो त्या फाइलमध्ये) एलियस, म्हणजे कमांडचं टोपणनाव, टाकतात. टर्मिनलवर तो चालतो, पण पुढे येणाऱ्या ‘एफझेडएफ’ या निवडीच्या टूलच्या आतून चालत नाही, कारण एफझेडएफ आपली कमांड वेगळ्या शेलमधून चालवतं आणि त्या शेलला तुमचे एलियस ठाऊक नसतात. म्हणून एलियस नको, सिमलिंक (मूळ फाइलकडे नेणारा दुवा) करा:

एलएन -एस $(विच एफडीफाइंड) ~/.लोकल/बिन/एफडी

‘डॉट-लोकल’मधला ‘बिन’ फोल्डर नसेल तर आधी बनवा आणि एकदा लॉगआउट करून परत या. फोल्डर नंतर बनला तर तो पाथमध्ये आपोआप येत नाही.

गिटइग्नोरचे नियम फक्त गिट रिपॉझिटरीच्या आत लागू होतात. बाकी ठिकाणी नको असलेले फोल्डर वगळायला होममधल्या डॉट-कॉन्फिग फोल्डरात ‘एफडी’ नावाचा फोल्डर करून त्यात ‘इग्नोर’ नावाची फाइल ठेवा आणि ओळीला एक नाव लिहा: नोड_मॉड्यूल्स, व्हेन्व्ह, टार्गेट, स्नॅप. एवढं केलं की पुढचं सगळं हलकं होतं. उलट, एखादी फाइल ‘आहेच’ म्हणून माहीत आहे आणि एफडी दाखवत नाही, तर कॅपिटल एच आणि कॅपिटल आय हे दोन ऑप्शन देऊन बघा. पहिला लपलेल्या फाइली उघड करतो, दुसरा इग्नोरचे सगळे नियम बाजूला ठेवतो. नव्वद टक्के वेळा फाइल तिथेच असते.

आता निवडण्याचं काम. त्यासाठी ‘एफझेडएफ’. जुनेगुन चोई यांनी २०१३ साली ते रूबीत लिहिलं, पुढे गोमध्ये नव्याने. ते फाइली शोधत नाही, हे लक्षात ठेवा. त्याला ओळींची यादी द्या, तुम्ही टाइप करत जाल तशी ते यादी गाळत जाईल आणि शेवटी निवडलेली ओळ बाहेर देईल. यादी न देता नुसतं चालवलं तर नव्या आवृत्त्या फोल्डर स्वतः फिरतात, पण लपलेल्या फाइलीही घेतात. म्हणजे ब्राउझरची कॅशे पुन्हा तुमच्या यादीत. म्हणून यादी एफडीकडूनच घ्यायची.

एफझेडएफमध्ये टाइप करताना चार गोष्टी पुरतात. मोकळी जागा म्हणजे ‘आणि’: ‘मोजणी २३ पीडीएफ’ लिहिलं की हे तिन्ही तुकडे कुठल्याही क्रमाने असलेले पाथ उरतात. तुकड्याच्या आधी एकेरी अवतरण चिन्ह दिलं की तो सलग जसाच्या तसा हवा. शेवटी डॉलर दिला की पाथ त्या तुकड्याने संपला पाहिजे. आधी उद्गारचिन्ह दिलं की तो तुकडा नको. इंग्रजीत सगळं लहान लिपीत टाइप केलं तर कॅपिटल-स्मॉलचा फरक धरला जात नाही. एक जरी कॅपिटल आलं की धरला जातो.

आता शेलमध्ये जोडणी. आवृत्ती ०.४८ किंवा पुढची असेल तर डॉट-बॅशआरसीच्या शेवटी एकच ओळ पुरते:

इव्हॅल "$(एफझेडएफ --बॅश)"

‘अननोन ऑप्शन’ असा एरर आला तर आवृत्ती जुनी आहे. उबंटू २२.०४ आणि २४.०४ च्या पॅकेजमध्ये जुनीच येते. तिथे ‘/यूएसआर/शेअर/डॉक/एफझेडएफ/एक्झाम्पल्स’ या फोल्डरातली ‘की-बाइंडिंग्ज डॉट बॅश’ फाइल सोर्स करा. त्यानंतर तीन की मिळतात. कंट्रोल-टी दाबलं की निवडलेला पाथ तुम्ही लिहीत असलेल्या कमांडच्या मध्येच येऊन बसतो, ऑल्ट-सी निवडलेल्या फोल्डरात नेतं, कंट्रोल-आर जुन्या कमांड शोधतं. कंट्रोल-टीने आलेल्या पाथमधल्या मोकळ्या जागांची काळजी शेलची जोडणी स्वतः घेते. म्हणून ‘एक्सडीजी-ओपन’ (फाइल तिच्या ठरलेल्या प्रोग्रॅममध्ये उघडणारी कमांड) लिहून कंट्रोल-टी दाबणं हा तुमच्या प्रश्नावरचा सगळ्यात साधा तोडगा आहे. वेगळं काही लिहायचं नसेल तर इथे थांबलात तरी चालेल.

मात्र कंट्रोल-टीची यादी वेगळ्या व्हेरिएबलवरून ठरते. लोक ‘एफझेडएफ_डिफॉल्ट_कमांड’मध्ये एफडी टाकतात आणि कंट्रोल-टीमध्ये काहीच बदललं नाही म्हणून वैतागतात. दोन्ही द्या, व्हेरिएबलची नावं पूर्ण कॅपिटलमध्ये:

एक्सपोर्ट एफझेडएफ_डिफॉल्ट_कमांड='एफडी --टाइप एफ'
एक्सपोर्ट एफझेडएफ_सीटीआरएल_टी_कमांड="$एफझेडएफ_डिफॉल्ट_कमांड"

रोजच्या वापरासाठी मी एक छोटं फंक्शन सुचवतो. नाव एका अक्षराचं, ‘ओ’, म्हणजे ओपन:

ओ() {
  लोकल एफ
  एफ=$(एफडी --टाइप एफ . ~ | एफझेडएफ --स्कीम=पाथ --क्वेरी="$*") || रिटर्न
  एक्सडीजी-ओपन "$एफ" >/डेव्ह/नल २>&१ &
}

या पाच ओळींत प्रत्येक चिन्हाला कारण आहे. ‘लोकल एफ’ वेगळ्या ओळीवर आहे, कारण ‘लोकल’ आणि किंमत देणं एकाच ओळीत केलं तर बाहेर येणारा एक्झिट कोड (काम झालं की फसलं ते सांगणारा आकडा) ‘लोकल’चा असतो, एफझेडएफचा नाही, आणि तो नेहमी शून्यच. मग ‘|| रिटर्न’ निरुपयोगी होतं. ते हवंच, कारण एस्केप दाबून बाहेर पडलात तर एफझेडएफ १३० हा कोड देतं आणि काहीच निवडलेलं नसतं. तपासणी नसेल तर रिकामं नाव पुढे जातं आणि एक्सडीजी-ओपन चुकतं. ‘$एफ’भोवतीची दुहेरी अवतरण चिन्हं काढू नका. ती नसतील तर ‘जमीन मोजणी २०२३ डॉट पीडीएफ’ या नावाचे तीन तुकडे होतात आणि फाइल उघडत नाही. ‘स्कीम=पाथ’मुळे गुण देताना पाथमधल्या तिरप्या रेषेनंतर येणाऱ्या अक्षरांना झुकतं माप मिळतं, म्हणजे फाइल किंवा फोल्डरच्या नावाच्या सुरुवातीशी जुळलेलं वर येतं. फार जुन्या आवृत्तीत हा ऑप्शन नाही, एरर आला तर काढून टाका. ‘क्वेरी’मुळे ‘ओ मोजणी’ असं लिहिलं की यादी आधीच गाळलेली उघडते.

कोडच्या आणि कॉन्फिगच्या फाइलींसाठी दुसरं फंक्शन ठेवा, त्यात एक्सडीजी-ओपनच्या जागी तुमचा एडिटर घाला आणि ‘>/डेव्ह/नल’पासून शेवटच्या ‘आणि’च्या चिन्हापर्यंत, म्हणजे अँपरसँडपर्यंत, सगळं काढा. एडिटर बॅकग्राउंडला गेला किंवा त्याचं आउटपुट ‘नल’मध्ये गेलं तर टर्मिनल अडकल्यासारखं दिसतं. एकाच फंक्शनमध्ये एक्स्टेन्शन बघून ठरवणारे असतात, पण त्याची यादी वाढतच जाते. दोन नावं लक्षात ठेवणं जास्त सोपं.

एकदम अनेक फाइली उघडायच्या असतील तर एफझेडएफला ‘-एम’ द्या आणि टॅबने खुणा करा. एक्सडीजी-ओपन एका वेळी एकच फाइल घेतं, म्हणून:

एफडी --टाइप एफ | एफझेडएफ -एम --प्रिंट० | एक्सआर्ग्ज -० -आर -एन १ एक्सडीजी-ओपन

‘प्रिंट०’ आणि ‘-०’ ही जोडी नावांतल्या मोकळ्या जागा आणि अवतरण चिन्हं सांभाळते, ‘-आर’मुळे काही न निवडल्यास काहीच चालत नाही. हेच व्हिमसाठी करताना ‘-आर -एन १’च्या जागी ‘-आर -ओ’ द्या. नाहीतर व्हिमला कीबोर्ड मिळत नाही आणि ‘इनपुट इज नॉट फ्रॉम अ टर्मिनल’ अशी तक्रार येते.

प्रिव्ह्यूचा फायदा स्कॅनच्या ढिगात जास्त होतो, जिथे नावं ‘स्कॅन_००४७’ अशी असतात. ‘--प्रिव्ह्यू’ला ‘पीडीएफटूटेक्स्ट -एल १ {} -’ दिलं की पहिल्या पानाचा मजकूर बाजूला दिसतो, अर्थात ओसीआर झालेलं असेल तरच. इथे महिरपी कंसांभोवती स्वतः अवतरण चिन्हं घालू नका. एफझेडएफ ती स्वतः घालतं, आणि दोन थर झाले की मोकळी जागा असलेली नावं नेमकी तुटतात.

चुकीचा प्रोग्रॅम उघडत असेल तर तो दोष शोधण्याचा नाही. ‘एक्सडीजी-माइम क्वेरी फाइलटाइप’ आणि पुढे फाइलचं नाव देऊन प्रकार बघा, मग ‘एक्सडीजी-माइम डिफॉल्ट’ने त्या प्रकाराला हवा तो प्रोग्रॅम बांधून टाका.

आता मराठी नावं. इथे थोडं थांबायला हवं, कारण फाइल समोर दिसते आणि तरी सापडत नाही असा अनुभव बहुधा इथेच येतो. ‘शेतकऱ्यांची यादी’ हे नाव घ्या. त्यातलं ‘ऱ्या’ दिसायला एकच, पण साठवणीत तीन प्रकारे असू शकतं: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर (यू+०९३१) आणि हलन्त; ‘र’ (यू+०९३०), त्याखाली नुक्ता (यू+०९३सी) आणि हलन्त; किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर (यू+२००डी). कोणत्या कीबोर्डने आणि कोणत्या यंत्रावर नाव दिलं गेलं यावर ते ठरतं. फाइंड, एफडी, पीलोकेट ही सगळी टूल बाइट किंवा कोडपॉइंट जुळवतात, डोळ्यांना काय दिसतं ते नाही. म्हणून एका कीबोर्डने टाइप केलेलं ‘शेतकऱ्यांची’ दुसऱ्या कीबोर्डने दिलेल्या नावाशी जुळत नाही. ‘अ’वर चंद्र काढून लिहिलेला ‘अॅ’ आणि स्वतंत्र ‘ॲ’ यांचंही तसंच: ‘ॲग्रीमेंट’ नावाच्या फाइली दोन वेगवेगळ्या शोधांत विभागल्या जातात.

एफझेडएफमध्ये यावर सोपी वाट आहे. ते अक्षरं क्रमाने जुळवतं, सलग असण्याची अट घालत नाही, आणि मात्रा हे त्याच्या लेखी वेगळं अक्षर असतं. तेव्हा मात्रा टाइपच करू नका. ‘मोजणी’साठी ‘मजण’, ‘शेतकऱ्यांची यादी’साठी ‘शतक यद’. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ जातो, ‘ऱ’चा प्रश्नही टळतो. मात्र एकेरी अवतरण चिन्ह किंवा एक्झॅक्ट मोड वापरला की हे चालत नाही.

कायमचा इलाज हवा असेल तर नावं एकसारखी करा. ‘कॉन्व्हएमव्ही’ हे टूल घ्या:

कॉन्व्हएमव्ही -एफ यूटीएफ८ -टी यूटीएफ८ --एनएफसी -आर .

हे आधी फक्त काय बदलेल ते दाखवतं. ते वाचा, बॅकअप घ्या आणि मगच ‘--नोटेस्ट’ जोडून पुन्हा चालवा. यामुळे ‘र’ आणि नुक्ता एकत्र होऊन ‘ऱ’ होतो. जॉइनरवाला प्रकार आणि ‘अॅ’ मात्र तसेच राहतात, कारण युनिकोड त्यांना समतुल्य मानत नाही. ते ‘रिनेम’ने वेगळे बदलावे लागतात, तेही आधी ‘-एन’ देऊन, म्हणजे प्रत्यक्ष बदल न करता, बघून.

जाता जाता: ईएक्सटी४ वर (उबंटूच्या नेहमीच्या फाइलसिस्टिमवर) फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, मात्रा आणि हलन्त धरून. म्हणजे ८५ चिन्हं. पत्राचा अख्खा विषय नावात लिहिला की ‘फाइल नेम टू लाँग’ येतं ते यामुळे. टर्मिनलमध्ये जोडाक्षरं सुटी दिसली किंवा कर्सर सरकलेला वाटला तरी घाबरू नका, तो दाखवण्याचा दोष आहे, निवडलेला पाथ बरोबरच जातो. नावाच्या जागी आकडे आणि उलट्या तिरप्या रेषा दिसत असतील तर मात्र ‘लोकेल’, म्हणजे भाषेचं सेटिंग, तपासा, ‘लँग’मध्ये यूटीएफ-८ असायला हवं.

राहिली बाहेरची डिस्क. दर वेळी ती फिरणं संथ असतं, विशेषतः फिरत्या तबकडीची असेल तर. एकदा यादी काढून ठेवा:

एफडी --टाइप एफ . /मीडिया/तुमचं-नाव/डिस्क > ~/डिस्क-यादी.टीएक्सटी

आणि शोधताना ‘एफझेडएफ < ~/डिस्क-यादी.टीएक्सटी’. डिस्क जोडलेली नसतानाही कोणती फाइल तिच्यावर आहे ते यातून कळतं. उघडायला मात्र ती जोडावी लागेल, आणि डिस्कवर नवं काही टाकलंत की यादी पुन्हा काढा. नेटवर्कवरच्या फोल्डरसाठीही हीच पद्धत बरी. मुळापासून शोधायची वेळ आलीच तर एफडीला ‘--वन-फाइल-सिस्टिम’ द्या, म्हणजे तो जोडलेल्या दुसऱ्या डिस्कमध्ये किंवा नेटवर्कमध्ये शिरत नाही.

मॅकवर एफडी आणि एफझेडएफ तसंच चालतं, उघडायला एक्सडीजी-ओपनच्या जागी ‘ओपन’, आणि डेटाबेससाठी स्पॉटलाइटचं ‘एमडीफाइंड -नेम’. ऑल्ट-सी दाबल्यावर वेगळंच अक्षर उमटलं तर टर्मिनलच्या सेटिंगमध्ये ऑप्शन की ‘मेटा’ म्हणून वापरायला सांगा. विंडोजवर डब्ल्यूएसएलमधून (विंडोजच्या आत लिनक्स चालवायच्या सोयीतून) सी ड्राइव्ह शोधू नका, तिथली प्रत्येक फाइल दोन सिस्टिममधला पूल ओलांडून येते आणि एफडीचा वेग तिथेच संपतो. सी ड्राइव्हवरच्या फाइलींसाठी विंडोजमध्येच ‘एव्हरीथिंग’ हे शोधायचं टूल वापरा. ते एनटीएफएसची (विंडोजच्या फाइलसिस्टिमची) मुख्य फाइल टेबल थेट वाचतं, आणि त्याची ‘ईएस’ ही कमांड पॉवरशेलमधून एफझेडएफला पाइप करता येते.